बसवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेतील छातीवरचा डॉप्लर : वर्षभराचा अनुभव

लहान मेंदूजवळची गाठ काढताना रुग्णाला बसवले की रक्त खाली निचरून सर्जनला जागा स्वच्छ दिसते. पण डोके हृदयाच्या वर गेल्याने तिथल्या शिरांतील दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो, आणि हाडाला व मेंदूच्या आवरणाला धरून असलेल्या शिरा कापल्यावर मिटत नाहीत, हवा आत ओढतात. ती हवा हृदयात पोचताच कळावी म्हणून आमच्या भूल विभागाने गेल्या वर्षी डॉप्लर, म्हणजे छातीवर प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी चकती) लावून हृदयातला रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र, घेतले.

त्याचे खरे मोल आवाजात आहे. हृदयाची एकसारखी सळसळ चालू असताना हवा आली की कर्कश खरखर सुरू होते आणि बहुधा कॅप्नोग्राफवरचा (उच्छ्वासातील वायू मोजणाऱ्या यंत्रावरचा) कार्बन डायऑक्साइड उतरण्यापूर्वीच ती ऐकू येते. अन्ननलिकेतून केलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) याहून संवेदनशील असतो, परंतु त्याच्या पडद्यावर जाणकार नजर सतत लागते. डॉप्लर साऱ्या थिएटरला ऐकू येतो. एकदा खरखर कानी पडताच सर्जननी जखम सलाईनने भरली, हाडाच्या कडांना मेण लावले, मी ऑक्सिजन १०० टक्के केला, आणि सेंट्रल लाईनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) सिरिंजमध्ये फेसाळ रक्त आले. रक्तदाब मात्र ढळला नाही.

प्रोब रुग्णाला बसवल्यानंतरच, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला लावावा. आधी लावलेला हमखास सरकतो. सेंट्रल लाईनमधून घुसळलेले सलाईन झटकन सोडल्यावर आवाज बदलला तर जागा बरोबर समजावी. अर्थात, हृदयाच्या दोन कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे छिद्र सुमारे २५ टक्के लोकांत उघडे राहते व त्यातून हवा थेट मेंदूकडे जाऊ शकते. ते छिद्र डॉप्लरला कळत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेआधीचा बबल इको (शिरेतून बुडबुडेयुक्त सलाईन सोडून केलेला इको) आम्ही कधीच टाळत नाही.

तक्रारी दोन आहेत, आणि पहिली गंभीर आहे. कॉटरी (विजेने ऊती कापणारे व रक्तस्राव थांबवणारे उपकरण) चालू असेतोवर या यंत्रातून निव्वळ गोंगाट येतो, म्हणजे नेमक्या जोखमीच्या क्षणी आमचे कान बंद होतात. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता. दुसरी, लांबलेल्या शस्त्रक्रियेत प्रोबखालची जेली वाळते आणि आवाज क्षीण होतो, तेव्हा चादरीखाली हात घालून ती पुन्हा लावावी लागते.

तरीही बसवून शस्त्रक्रिया करणाऱ्या थिएटरने हे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याला आपल्याच थिएटरमध्ये, आपली कॉटरी चालू ठेवून, प्रात्यक्षिक दाखवायला सांगावे.