बाहुलीचे टेबल, सैनिकाची खोली

बार्बी ही बाहुली (1959) आणि जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक (1964) ही दोन्ही खेळणी साधारण एकास सहा या प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढी, असल्यामुळे, बाहुलीसाठी मिळणारे स्वस्त प्लास्टिकचे टेबल-खुर्च्यांचे संच बारा इंची अ‍ॅक्शन फिगरच्या (हातपाय हलवता येणाऱ्या अशा सैनिकाच्या) देखाव्यात सहज खपतील, असे गृहीत धरले जाते. अशाच एका संचाचे हे परीक्षण.

टेबल उत्तम आहे. जेवणाच्या खऱ्या टेबलाची उंची सुमारे 75 सेंटीमीटर असते, म्हणजे येथे साडेबारा हवी, आणि ती जवळपास तंतोतंत मिळते. खुर्च्यांची बैठक मात्र साडेसातऐवजी सहाच सेंटीमीटर भरते. त्यामुळे बूट घातलेल्या सैनिकाचे गुडघे हनुवटीकडे सरकतात आणि खुर्चीच्या पायांखाली लाकडी पट्टीचे तुकडे चिकटवण्यावाचून इलाज राहत नाही.

संचाचे खरे मोल रंगकामात कळते. गुळगुळीत गुलाबी प्लास्टिकवर थेट लावलेला रंग नखानेही निघतो. म्हणून सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने घासून, प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा) हात द्यावा आणि मगच तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग लावावा. त्यावर पातळ काळा रंग फिरवून लगेच पुसला, की तो कोरीव रेघांत साचून राहतो आणि लाकूड जुने वाटू लागते. कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा दिल्यास झीजही दिसते.

मोठ्या संचात मिळणाऱ्या कपबश्या निरुपयोगी आहेत. कपाच्या कानात सैनिकाचे बोट शिरत नाही (बाहुलीचे तरी कसे शिरत असेल, देव जाणे), त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी मोठा संच घेऊ नये.