लाशा तालाखाद्झे: रिओ, टोकियो, ताश्कंद की पॅरिस, आधी कोणती लढत अभ्यासावी?

जॉर्जियाचा वेटलिफ्टर लाशा तालाखाद्झे याचं ऑलिंपिक सुवर्ण तीनदा आलं, पण दुसऱ्या क्रमांकापासूनचं अंतर दर वेळी वेगळं होतं: रिओत (2016) 22 किलो, टोकियोत (2021) 47, पॅरिसमध्ये (2024) फक्त 3. व्हिडिओ निवडताना हे आकडे आधी बघा.

स्वतः वजन उचलणाऱ्याने टोकियोपासून सुरुवात करावी. स्नॅचमध्ये (वजन जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) 208, 215, 223 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) 245, 255, 265. सहाच्या सहा प्रयत्न यशस्वी, दोन्हींतल्या सर्वांत जास्त वजनांची बेरीज, म्हणजे एकूण, 488. रौप्य मिळवणाऱ्या इराणच्या अली दावूदीचं एकूण 441 होतं. लाशाच्या दोन्ही पहिल्या प्रयत्नांची बेरीजच 453 होते, म्हणजे तेवढ्यावरही सुवर्ण पक्कं होतं. सुरुवात इतकी हातात असलेल्या वजनाची ठेवली, म्हणून तिसऱ्या प्रयत्नात विक्रमासाठी मन मोकळं राहिलं. आपल्याकडे पहिलाच प्रयत्न भारी लावायची हौस असते. तिचं काय होतं ते रिओत दिसतं.

रिओत इराणच्या बेहदाद सलीमीने 216 किलोचा विश्वविक्रमी स्नॅच करून लाशाच्या 215 ला मागे टाकलं. मग क्लीन अँड जर्कची सुरुवात 245 ने केली आणि तिन्ही प्रयत्न त्याच वजनावर वाया गेले. त्यातला एक पंचांनी मान्य केला होता, तो ज्युरीने (पंचांच्या वरच्या मंडळाने) रद्द ठरवला. एकूण वजनच लागलं नाही, त्यामुळे पदकही नाही. लाशाने क्लीन अँड जर्कमध्ये 258 उचलून 473 वर सोनं घेतलं.

ताश्कंदची डिसेंबर 2021 ची जागतिक स्पर्धा ताकदीची वरची रेघ दाखवते: स्नॅच 225, क्लीन अँड जर्क 267, एकूण 492. स्नॅचच्या वेळी बारबेल नीट बघा. 20 किलोचा बार, प्लेट्स घट्ट धरणारे दोन कॉलर मिळून 5 किलो, आणि प्रत्येक बाजूला 25 च्या चार लाल प्लेट्स. डावपेच शिकायला मात्र इथे फारसं काही नाही.

प्रशिक्षकांनी पॅरिस आधी पाहावी, आणि माझ्या मते चारही लढतींत तीच सर्वांत मोलाची. स्नॅचमध्ये बहरीनचा गोर मिनासयान 216 ने पुढे होता, लाशा आणि आर्मेनियाचा वाराझदात लालायान 215 वर. मग क्लीन अँड जर्कमध्ये लाशाचे 255, एकूण 470. लालायान 467 वर थांबला. आजच्या नियमात एकूण वजन सारखं झालं तर ते आधी पूर्ण करणारा वर राहतो. म्हणून मागून उचलणाऱ्याला एक किलो जास्तच मागावा लागतो, आणि कोणी कधी किती मागितलं याला किंमत येते.

ताश्कंद ते पॅरिस स्नॅच 10 किलोंनी उतरला, क्लीन अँड जर्क 12 ने. दोन्हीकडे घट साधारण साडेचार टक्के, आणि स्नॅचचं क्लीन अँड जर्कशी प्रमाण दोन्ही वेळा 84 टक्क्यांच्या आसपास. एकच लिफ्ट ढासळली असती तर तंत्रात दोष शोधावा लागला असता. दोन्ही सारख्या उतरल्या, म्हणजे कमी झाली ती एकूण ताकद.

त्याला आदर्श मानणाऱ्याने 2013 ची उत्तेजकामुळे झालेली दोन वर्षांची बंदीही माहीत करून घ्यावी. वर दिलेल्या चारही लढती तिच्यानंतरच्या आहेत.