प्लिकर्सची कार्डं: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

काल डबा उघडला तर अर्ध्या कार्डांना बुरशी, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. प्लिकर्स म्हणजे मुलांनी वर धरलेली छापील कार्डं फोनच्या कॅमेऱ्यानं वाचून कुणाचं उत्तर काय ते दाखवणारं अ‍ॅप; अकाउंट कसं काढायचं वगैरे सगळीकडे आहे, ते परत उगाळत नाही. मी देवगड तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो, वर्गात प्रोजेक्टर नाही, पावसाळ्यात लाइट मनाला येईल तेव्हा, आणि रेंज पाहिजे तर खिडकीजवळच्या बाकापाशी उभं राहायचं. हे सगळं धरून वाचा.

याआधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. ग्रुप अर्थात पालकांचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपलाच वय १३ लागतं आणि आठवीतल्या पोरांकडे स्वतःचा फोन कुठून असणार. घरातला फोन एकतर आईकडे नाहीतर बाबांबरोबर बोटीवर, काहींचे बाबा मुंबईला, म्हणजे गृहपाठ आधी विरारला जाणार आणि तिथून रात्री फोनवर पोराला वाचून दाखवला जाणार. मग २०२२ च्या शेवटी पोल आले, वाटलं चला, चाचणीचं काम झालं. कसलं काय! कोणी कुठलं उत्तर दाबलं ते सगळ्यांना दिसतं. वर्गातल्या हुशार मुलीच्या आईच्या नंबरवरून मत पडेपर्यंत ग्रुप एकदम गप्प, आणि ते पडलं की धडाधड सगळे तिच्या मागे. एका आजीनं तर सरळ व्हॉइस मेसेज टाकला, "सर, उत्तर काय ता सांगा, म्हंजे मी दाबतंय." गुगल फॉर्मची क्विझ त्यातल्या त्यात बरी, मार्क आपोआप पडतात, पण फॉर्म पोरानं भरला की त्याच्या ताईनं हे रवळनाथालाच माहीत.

प्लिकर्स मला पटलं ते एवढ्यासाठीच की फोन फक्त माझा, मुलांच्या हातात नुसता कागद. प्रत्येकाच्या कार्डावरचं काळं-पांढरं चित्र वेगळं, चार बाजूंना ए बी सी डी इतक्या बारीक अक्षरात की शेजारच्याला दिसत नाही, जे उत्तर ती बाजू वर धरायची. शेजाऱ्याचं बघून अगदी तसंच धरलं तरी फायदा नाही कारण याचं चित्रच वेगळं. मी प्रश्न फळ्यावर लिहितो, फोन वर्गावरून फिरवतो, संपलं. (पोरांना आधी वाटलं पुस्तकातल्या दीक्षाच्या (सरकारी शिक्षण अ‍ॅप) क्यूआर कोडचाच हा प्रकार, एकानं कार्ड घरी नेऊन स्कॅन करून बघितलं, व्हिडिओ लागत नाही म्हणून तक्रार.)

आठवीला धाराविद्युत शिकवत होतो. एकसर जोडणी झाली, "समजलं का?", वर्गभर एका सुरात "हो सर". मग प्रश्न टाकला, १.५ व्होल्टचे ३ घट एकसर जोडले तर एकूण किती? फोन फिरवला तर नावांपुढे लालच लाल, अर्ध्याहून जास्त पोरं १.५ वरच ठाम, आणि ४.५ वाल्या हिरव्यांमध्ये नेहमी हात वर करणाऱ्यांपैकी जेमतेम एखाददुसरा. दुसऱ्या दिवशी टॉर्चचे सेल आणि बल्ब नेऊन एकेक सेल वाढवत दाखवलं, तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा कुठे हिरवं झालं. फेट (PhET) या विज्ञानाच्या फुकट साइटवरचं सर्किटचं सिम्युलेशनपण उतरवून ठेवलंय, नेटशिवाय चालतं, पण एका लॅपटॉपभोवती अख्खा वर्ग उभा केला की मागचे मारामारी करतात.

आता मुख्य दुखणं. लॅमिनेशन! अ‍ॅप चांगलं, आयडिया चांगली, पण कार्ड म्हणजे शेवटी कागद आणि आमच्याकडे जून लागला की कागदाचा पापड व्हायच्या ऐवजी चपाती होते. कोपरे वळले की कॅमेरा चित्र ओळखत नाही. म्हणून लॅमिनेशन करून आणलं, तर तालुक्याला फक्त चकचकीत मिळतं. खिडकीतून उजेड आला की कार्डावर चमक, त्या बाजूच्या रांगेतलं एकही कार्ड फोन घेत नाही. "सर, माका घेतल्यानच नाय!" हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता झोपेतपण ऐकू येईल. खिडकी लावली तर अंधार, आणि लाइट नाही. पाहिजे असतं मॅट लॅमिनेशन, ते विचारलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघतो जसं काय मी चंद्रावरची माती मागितली. पैसे मात्र चकचकीतचे पूर्ण घेतले, सुट्टेसुद्धा परत नाहीत.

मग त्या महागड्या कार्डांचा नाद सोडला. साधी प्रिंट, मागे जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा (गावात कमी नाहीत), चिकटवायला फेव्हिकॉल. खळ अजिबात लावू नका, झुरळं येतात. ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या. गणपतीच्या सुट्टीत डबा नीट लागला नव्हता तर बघा, बुरशी.

फ्री मध्ये एका सेटला ५ च प्रश्न, यावर मी सुरुवातीला जाम वैतागलो होतो, हेडसरांकडे पैसे मागायचंही मनात होतं. आता म्हणतो पाचच ठीक आहेत. ३५ मिनिटांच्या तासात त्याहून जास्त होत नाहीत, आणि चुकलेल्यावर बोलायचं कधी? पैसे भरणार नाही.

ग्रुप अजून आहे, पण फक्त सूचनांपुरता, मेसेज अ‍ॅडमिननेच टाकायचा अशी सेटिंग लावून. गुड मॉर्निंगची फुलं बंद झाली हा वरचा फायदा.

कणकवली-कुडाळपर्यंत कुणाकडे मॅट लॅमिनेशन मिळत असेल तर रेटसकट सांगा. त्याच्या पुढचं नको, एसटीचं भाडं कार्डांपेक्षा जास्त होतं.