चिपळूणचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान: ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायला निघालात तर आधी इथे दाखवा

४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, आधी काम सांगतो कारण कामात खोट काढायला जागा नाही.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. दिवसा हायवेला मस्त पळते, काही म्हणजे काही नाही. पण रात्री पावसात हेडलाइट चालू, काच धुरकट होते म्हणून ब्लोअर फुल, आणि परशुराम घाटात एखाद्या ट्रकच्या मागे अडकलो आणि रेडिएटरचा फॅन सुरू झाला रे झाला की मीटरचे काटे नाचायला लागणार, चेक इंजिन पेटणार, पाठोपाठ एबीएसचा दिवा, आणि गाडी झटके मारणार. फॅन थांबला की सगळं शांत. स्कॅनर लावला की दर वेळी वेगळी यादी, कधी पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, कधी यू ०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, कधी दोन्ही. बॅटरी नवीन, अल्टरनेटर १४.१ व्होल्ट देतोय, मग व्होल्टेज कमी कुठून? एका मोठ्या वर्कशॉपने (नाव नको) सरळ ईसीएम गेला म्हणून सांगितलं, ३८ हजार, शिवाय इमोबिलायझरला (चोरी रोखणारं चावीचं इलेक्ट्रॉनिक लॉक) चाव्या मॅच करायचे पैसे वेगळे. दुसऱ्या एका वायरमनने मल्टिमीटर बीपवर टाकून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत चेक केलं, बीप वाजला, अर्थिंग ओके म्हणाला.

इथल्या काकांनी सुरुवातीला स्कॅनरला हातच लावला नाही. पहिला प्रश्न, "सेल्फ कसा मारतो?" म्हटलं एकदम टकाटक. "मग इंजिनची अर्थ चांगली हाय, बॉडीची बघूया." हे मला आधी कळलंच नाही, मग त्यांनी बोनेट उघडून दाखवलं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन केबल निघतात, जाड असते ती गिअरबॉक्सवर जाते आणि सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परत येतो, दुसरी बारीक असते ती बॉडीला. हेडलाइट, ब्लोअर, फॅन, मीटर आणि आमच्या गाडीत ईसीएमसुद्धा, या सगळ्यांचा करंट बॉडीतून येऊन त्या बारीक केबलने बॅटरीला परत जातो. म्हणजे ती खराब असली तरी सेल्फ खणखणीत मारणार, म्हणूनच अर्थिंगवर कुणाला संशय येत नाही.

मग इंजिन चालू, हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर फुल, एसी लावून फॅन फिरायला लावला, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच, म्हणजे क्लॅम्पपण तपासला जातो) आणि दुसरी ईसीएमच्या अर्थच्या बोल्टवर. खरं तर इथे शून्याच्या आसपास यायला पाहिजे, ०.१ च्या वर गेलं तर शंका घ्यायची. आमच्याकडे ३.४ व्होल्ट! आता स्कॅनर जोडला आणि लाइव्ह डेटात कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज बघितलं तर १०.६, आणि त्याच वेळी बॅटरीवर १४.०. म्हणजे ईसीएम खोटं बोलतच नव्हता, तो बिचारा स्वतःच्या अर्थपासून मोजतो आणि ती अर्थच साडेतीन व्होल्ट वर चढून बसलेली, त्याला खरोखरच व्होल्टेज कमी मिळत होतं. ज्याच्याकडे स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर कपलरला लावून मोबाइलवर डेटा दाखवणारा) आहे त्याने हे दोन आकडे घरीच शेजारी शेजारी ठेवून बघावेत, फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर कॉम्प्युटर बदलायचा विषयच काढायचा नाही, आधी वायरी.

बीपचं पण त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं (दुकानात खरंच पाटी आहे, नातवाची असावी). बीप वाजवायला मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, तेवढा तर केबलची एक तार शिल्लक असली तरी जातो. जोडात ०.१ ओहमचा अडथळा असेल तर साध्या मीटरला तो दिसणारच नाही कारण त्याच्या स्वतःच्या काड्यांचाच त्याहून जास्त असतो. पण हेडलाइटचे आठ-नऊ अँपिअर, ब्लोअरचे पंधरा, फॅनचे दहा, असे ३३-३४ अँपिअर त्याच ०.१ ओहममधून काढा, झाले की जवळपास साडेतीन व्होल्ट. फॅन लागल्यावरच का व्हायचं त्याचं उत्तर पण इथेच मिळालं.

खात्रीसाठी बॅटरी सोडवून ओबीडी कपलरच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले, ६० आले. कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या) दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहम असतात ते मिळून ६०, म्हणजे ती वायरिंग ठीक, यू ०१०० कॅनच्या वायरीमुळे नाही.

दोषी बोल्ट (ती बारीक केबल बॉडीला जोडणारा) बॅटरीच्या ट्रेखाली. वरून बघाल तर चकाचक, १० च्या पान्याने फिरवला तर घट्टच. खोलल्यावर लगखाली (केबलच्या टोकाची, बोल्टमध्ये अडकणारी धातूची कडी) हिरवी-पांढरी पावडर आणि बॉडीचा पत्रा तपकिरी, केबलच्या तारा लगच्या तोंडाशी काळ्या पडून कुरकुरीत. आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा, दुसरं काय. काकांनी लग कापून टाकला, मागची तांबडी लखलखीत तार लागेपर्यंत केबल सोलली, नवीन तांब्याचा लग क्रिम्प केला (दाबून बसवला), पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, दातेरी वॉशर, बोल्ट कसला आणि मग वरून ग्रीस. त्यांचा पोरगा आधी ग्रीस लावायला गेला तर त्याला असा काही झापला की विचारू नका. परत तोच लोड टाकून मोजलं, ०.०४. लाइव्ह डेटात १३.९. सगळे मिळून ९०० रुपये घेतले.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आपल्या गावात वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची काय रांग लागली होती ते इथल्यांना सांगायला नको, काकांचा हात त्यातच बसलाय असं ते स्वतः म्हणतात. बाहेरून लाइट, हॉर्न, म्युझिक सिस्टम बसवून घेणाऱ्यांवर मात्र फार राग, कारण बसवणारे जो बोल्ट दिसेल त्यावर अर्थ मारतात. माझ्या गाडीत पण ईसीएमच्या अर्थच्या बोल्टवर फॉगलॅम्पची वायर निघाली, ती न विचारता काढून दुसरीकडे नेली, ते बरंच झालं.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत. वेळ दिली तरी आधी आलेली रिक्षा पुढे जाते आणि आपण बाहेर स्टुलावर बसून डास मारायचे. पक्कं बिल मागितलं तर चेहरा असा करतात जसं काही किडनी मागितली, कंपनीच्या नावावर गाडी असेल त्यांनी आधीच बोलून घ्या. काम चालू असताना पण बोलतात खूप, मला आवडलं, घाईत असाल तर वैताग येईल. आणि अल्टरनेटर किंवा सेल्फचं वाइंडिंग इथे होत नाही, बाहेर पाठवतात आणि त्यात एक दिवस सहज जातो, तेवढंच काम असेल तर सरळ वाइंडिंगवाल्याकडे जा.

पार्किंग नाही, गाडी पुढच्या गल्लीत लावून चालत या. सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो, अकरानंतर नाही.