पहिलं हेलिकॉप्टर: फिक्स्ड पिच घ्यावं की कलेक्टिव्ह?

रिमोटवरचं हेलिकॉप्टर शिकायला निघालेला प्रत्येक जण कधी ना कधी याच प्रश्नापाशी अडतो: चार चॅनेलचं फिक्स्ड पिच घ्यावं की थेट सहा चॅनेलचं कलेक्टिव्ह? (फिक्स्ड पिचमध्ये पात्यांचा कोन कायम असतो, कलेक्टिव्हमध्ये तो उडताना बदलता येतो; चॅनेल म्हणजे रिमोटवरून वेगवेगळ्या चालवता येणाऱ्या गोष्टी.) मी दोन्ही घेतली, दोन्ही अजून उडवतो. त्यामुळे यातलं एक टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. पण माझा कल एका बाजूला आहे, आणि तो का आहे हे नीट सांगितलं तर तुम्हाला स्वतःचा निर्णय घेणं सोपं जाईल.

एकावर एक उलट फिरणाऱ्या दोन रोटरची कोअॅक्सियल मी या तुलनेत धरत नाही. ती दिवाणखान्यात छान तरंगतात, लहान मुलांना फार आवडतात, पण त्यांच्यावर हात बसला म्हणून पुढचं हेलिकॉप्टर सोपं जातं असं मला दिसलेलं नाही.

आधी मुंबईचं बघू, कारण इथे जागाच अर्धा निर्णय घेते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो गटात येतं आणि त्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण तेवढ्यावर मैदान मोकळं होत नाही. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात ड्रोन, रिमोटवरची हलकी विमानं आणि पॅराग्लायडर यांची नावं एकाच ओळीत असतात. विमानतळ, नौदलाचे तळ, ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र, सगळं शहरभर विखुरलेलं. जुहूच्या वाळूवर सकाळी किती मोकळं वाटतं, पण जवळच एरोड्रोम आहे हे विसरून चालत नाही. म्हणून शिकणाऱ्याने सोसायटीचा हॉल किंवा बॅडमिंटनचं बंद कोर्ट हीच आपली जागा समजावी. बाहेर उडवायचं तर कर्जत-मुरबाडकडे कुणाच्या शेतात, मालकाला विचारून आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी पाहून. म्हणजे हेलिकॉप्टर छोटंच हवं. तळहातापेक्षा थोडं मोठं, २५० ग्रॅमच्या खूप आतलं. सुदैवाने या मापात दोन्ही प्रकार मिळतात. फिक्स्ड पिचमध्ये व्ही-९११ हे जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. कलेक्टिव्हमध्ये के-११०, ओएमपीचं एम-१ अशी नावं कानावर येतील.

फिक्स्ड पिचच्या बाजूने बोलायचं तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते पडतं आणि परत उडतं. वजन जवळजवळ नाहीच, पाती लवचिक, सुटे भाग मोजके. भिंतीला आपटलं, खुर्चीखाली गेलं, पंख्यावर चढलं, तरी उचलायचं, पाती सरळ आहेत ना बघायचं आणि सोडायचं. सुरुवातीच्या काळात आपण हेलिकॉप्टर उडवतो कमी आणि उचलून आणतो जास्त, तेव्हा ही सोशिकता फार मोलाची असते. दिशेचं भान त्यावरही तितकंच चांगलं येतं. शेपटी आपल्याकडे असताना डावं ते डावं राहतं, पण नाक आपल्याकडे वळलं की सगळं उलटतं. ही उलटापालट डोक्यात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ स्वस्त हेलिकॉप्टरवर घालवणं शहाणपणाचं आहे. हे मला शंभर टक्के मान्य आहे.

मग बिनसलं कुठे? उंचीवर.

फिक्स्ड पिचमध्ये पात्यांचा कोन कायम असतो. वर जायचं तर पाती जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. कागदावर याच्यापेक्षा सोपं काही नाही. पण फिरत्या पात्यांना स्वतःचा जोम असतो. रिमोटची डावी स्टिक (ही उंचीची, उजवी पुढे-मागे आणि बाजूला नेण्याची) वर केली की मोटर त्यांना वेगात आणेपर्यंत क्षणभर जातो, खाली ओढली की तो वेग उतरेपर्यंत पुन्हा तेवढाच. तुम्ही स्टिक थोडी हलवता, काहीच होत नाही, म्हणून आणखी हलवता, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो. हेलिकॉप्टर छताकडे झेपावतं. घाबरून स्टिक खाली, की ते फरशीकडे. मोकळ्या माळावर हा वर-खालीचा झोका चालून जातो. सोसायटीच्या हॉलमध्ये छत दहा-अकरा फुटांवर, त्यात पंखे लटकलेले, आणि खाली जमिनीपासून हातभर अंतरात रोटरच्या स्वतःच्याच वाऱ्याने घुसळण. मधे उरते ती एक पट्टी, आणि फिक्स्ड पिच त्या पट्टीत टिकवताना डाव्या हाताचं सगळं लक्ष उंची धरण्यातच जातं. जे शिकायचं होतं, म्हणजे उजव्या स्टिकने जागा धरणं, त्याला लक्ष उरतच नाही.

वारा आला की हे आणखी वाढतं. मुंबईत दुपारकडे खारे वारे सुटतात, आणि हॉलच्या पश्चिमेच्या दोन खिडक्या उघड्या असल्या तरी पुरतं. वाऱ्याची झुळूक रोटरमधून आडवी गेली की त्याची उचलण्याची ताकद आपोआप वाढते, म्हणजे काही न करता हेलिकॉप्टर चढू लागतं. माझा भाचा असाच एका शनिवारी ओरडला होता, "मामा, मी खाली आणतोय, तरी हे वरच चाललंय!" त्याची काहीच चूक नव्हती. खाली आणायला फेरे कमी करावे लागतात, आणि फेरे कमी झाले की उजव्या स्टिकची पकडही ढिली पडते. म्हणजे नेमका वारा ढकलत असताना हेलिकॉप्टर तुमचं कमी ऐकतं. खाली दाबायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. तो दोष कुठल्या कंपनीचा नाही, प्रकाराचाच आहे.

शेपटीचंही मूळ तेच. मुख्य रोटरचा वेग सतत बदलत राहिला की त्याचा पीळही बदलतो, आणि नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकतं. जायरो, म्हणजे वळण ओळखणारा सेन्सर, सावरतो, पण मागची चिमुकली मोटर बिचारी सतत धावपळीत. या छोट्या ब्रशवाल्या शेपटीच्या मोटरी झिजतात, त्यामुळे एक-दोन जादा आणून ठेवाव्याच लागतात.

हल्ली हवेचा दाब मोजून स्वतःच उंची धरणारी फिक्स्ड पिच हेलिकॉप्टरही आली आहेत. स्टिक मध्यावर सोडली की ती त्या उंचीवर थांबतात. मला त्यांचं कौतुक आहे, आणि वर सांगितलेला त्रास ती बऱ्याच अंशी मिटवतात. पण मग डावा हात काही शिकतच नाही. ज्याला पुढे जायचं नाही, संध्याकाळी घरात दहा मिनिटं गंमत हवी आहे, त्याने निःशंक तेच घ्यावं. ज्याला हेलिकॉप्टर शिकायचं आहे, त्याला मी ते सुचवणार नाही.

कलेक्टिव्ह पहिल्यांदा हॉलमध्ये उचललं तेव्हा मला जाणवलेला फरक एवढाच होता: स्टिक हलवली आणि ते हललं. इथे फेरे जवळजवळ स्थिर राहतात आणि सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, स्वॉशप्लेट ही पात्यांखालची तबकडी वर-खाली करून पात्यांचा कोन बदलतात. वाट पाहणं नाही. झुळूक आली, हेलिकॉप्टर चढू लागलं, तर कोन थोडा कमी करायचा, गरज पडली तर शून्याखालीही न्यायचा. ते उतरतं, आणि उतरताना उजव्या स्टिकची पकड शाबूत असते. उंची एकदा बोटांना कळली की डोकं मोकळं होतं, आणि ते मोकळं डोकं नाक-शेपटीच्या हिशोबाला मिळतं. म्हणजे अवघड समजलं जाणारं हेलिकॉप्टर मला या एका बाबतीत सोपं गेलं. कदाचित कुणाचा अनुभव वेगळाही असेल, हॉल मोठा असेल तर नक्कीच असेल.

बहुतेक छोट्या कलेक्टिव्हमध्ये आता एका बटणावर स्वतःहून समतोल सावरणारा मोड असतो. स्टिक सोडली की हेलिकॉप्टर समतल होतं. जागा मात्र ते धरत नाही, सरकत राहतं, आणि तेच बरं, कारण ते सरकणं थांबवणं हाच खरा धडा आहे. सुरुवात याच मोडमध्ये करावी.

आता त्याची किंमत. पैशांच्या हिशोबाने दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो, आणि पडझडीचा हिशोब वेगळा. पाती धरणारा फेदरिंग शाफ्ट वाकतो, मेन गिअरचे दात जातात, सर्व्होचे त्याहून लवकर, आणि बॉल लिंक, म्हणजे छोटे सांधे, निखळून कुठल्या तरी फरशीच्या फटीत जातात. चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, चांगला उजेड आणि थोडा संयम हे सामान कायमचं लागतं. ज्याला दुरुस्तीत रस नाही, त्याला कलेक्टिव्ह महिनाभरात नकोसं होईल, हे मी आधीच सांगून ठेवतो. मला स्वतःला रविवारी दुपारी टेबलावर रोटर हेड (पाती बसतात तो भाग) उघडून बसायला आवडतं, तेव्हा माझं मत त्या बाजूने थोडं झुकलेलं आहे असं समजून घ्या.

एक गोष्ट मात्र आवडीनिवडीची नाही. फिक्स्ड पिचवर महिनोन्महिने काढलेल्या हाताला एक सवय लागते: काही बिनसलं की डावी स्टिक सपकन खाली. तिथे त्याने मोटर बंद होते आणि हलकं हेलिकॉप्टर अलगद पडतं. कलेक्टिव्हच्या साध्या मोडमध्येही तसं चालून जातं. पण थ्री-डी, म्हणजे कसरतींच्या, मोडमध्ये तीच स्टिक खाली म्हणजे पूर्ण वेगात उलटा कोन, म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःच्या ताकदीने जमिनीत. इथे वाचवतं ते मोटर तत्काळ बंद करणारं थ्रॉटल होल्डचं बटण. ते बोटाला सापडलं पाहिजे, डोळ्यांना नव्हे. जो पहिल्यापासून कलेक्टिव्हवर आहे तो पहिल्यापासून होल्ड मारायला शिकतो. फिक्स्ड पिचवरून आलेल्याला जुनी सवय मोडून नवी लावावी लागते, आणि सवय मोडणं महागात पडतं. माझा तराजू कलवणारं दुसरं वजन हे.

ही बाब मोठ्या हेलिकॉप्टरबद्दल तर अजिबात हलकी घेऊ नये. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मोठं मॉडेल हेलिकॉप्टर उडवणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाचा त्याच हेलिकॉप्टरच्या पात्याने जीव गेला. "एकदाच मोठं घेऊ, वाऱ्यात स्थिर राहतं" असा सल्ला देणारे भेटतील. मोठं स्थिर राहतं हे खरं आहे, पण शिकाऊ हातात ते देऊ नये. छोटं कलेक्टिव्हसुद्धा बोट फाडू शकतं. हॉलमध्ये मुलं असतील तर ती खुर्च्यांच्या मागे, आणि डोळ्यांवर चष्मा.

सिम्युलेटरशिवाय कलेक्टिव्ह घेऊ नका. हे बोलणं सगळेच करतात आणि फार थोडे पाळतात, पण मुंबईकराला यासाठी निसर्गाने चार महिने दिलेलेच आहेत. जून ते सप्टेंबर शेतात जाणं होत नाही, हॉलमध्ये गणपतीची तयारी चालू असते. रिअलफ्लाइट असो किंवा हेली-एक्स, संगणकाला खरा ट्रान्समीटर (रिमोट) जोडून नाक-आपल्याकडे हॉव्हर, म्हणजे एका जागी तरंगणं, तिथे घोटून घ्यायचं. तिथली पडझड फुकट. म्हणूनच पैसे वाचवायचे तर हेलिकॉप्टरवर वाचवा, ट्रान्समीटरवर नाही. एक बरा, अनेक प्रोटोकॉल (वेगवेगळ्या हेलिकॉप्टरशी बोलायच्या पद्धती) चालवणारा ट्रान्समीटर घेतला की तोच सिम्युलेटरला, तोच आजच्या छोट्या हेलिकॉप्टरला आणि तोच उद्याच्या मोठ्याला चालतो. स्वस्त फिक्स्ड पिचच्या खोक्यात येणारा रिमोट बहुधा त्या हेलिकॉप्टरपुरताच असतो. पावसाळ्यात लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या मात्र पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा, नाहीतर दिवाळीत फुगलेल्या सापडतील.

सुट्या भागांचं बघून मगच मॉडेल ठरवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांना ती लागू नाही. पण उडणाऱ्या वस्तूचं पार्सल परदेशातून मागवताना ते अडकेल की येईल याची धाकधूक राहतेच. म्हणून ज्या मॉडेलचे गिअर, शाफ्ट आणि पाती देशातल्याच विक्रेत्याकडे आज हजर आहेत, ते घ्या, मग ते दुसऱ्या पसंतीचं असलं तरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कनेक्टर, वायर, सोल्डरिंगचं सामान, बारीक स्क्रू आरामात मिळतात. रोटर हेडचे भाग मात्र तिथे शोधायला जाऊ नका.

आता कुणी काय घ्यावं. घरात दहा-बारा वर्षांचं मूल शिकणार असेल, किंवा तुम्हाला हे आवडेल की नाही याचीच खात्री नसेल, तर साधं फिक्स्ड पिच घ्या, खिडक्या बंद करून, पंखे थांबवून सकाळी उडवा, आणि त्यावर फार काळ रेंगाळू नका. आवडणार याची खात्री असेल, हातात स्क्रूड्रायव्हर धरायची तयारी असेल आणि सिम्युलेटरवर एक पावसाळा काढायची चिकाटी असेल, तर मधली पायरी गाळून छोटं कलेक्टिव्हच घ्या. त्याच्या सोबत त्याच दिवशी दोन फेदरिंग शाफ्ट, दोन मेन गिअर, पात्यांच्या तीन जोड्या आणि निदान चार बॅटऱ्या मागवा. आणि पहिल्यांदा हॉलमध्ये उचलण्याआधी मोटर न जोडता होल्डचं बटण दाबायचा सराव करा, रिमोटकडे न बघता.