कानाच्या मशीनचे सुटे भाग: कुठे कंपनीचेच घ्यायचे, कुठे दुसरे चालतात

मागच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाबांच्या उजव्या कानातून मशीन काढली, तर वायरच्या टोकाला डोम, म्हणजे रबरी टोपी, नव्हताच. तो कानातच राहिला होता. "ऐकू नाही येऊन राहिलं बाई," असं बाबा दोन दिवसांपासून सांगत होते आणि मी नुसते सेल बदलत बसले होते. शेवटी नागपूरच्या धंतोलीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने ती वाटाण्याएवढी रबरी टोपी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ऑनलाइन मागवलेल्या दहाच्या पाकिटातली ती होती. पाकिटावर लिहिलं होतं, 'सर्व मशीनला चालते'.

तेव्हापासून सुटा भाग घेताना मी आधी एकच गोष्ट बघते: हा भाग आवाजाच्या वाटेत येतो की वाटेबाहेर आहे? वाटेबाहेरचा असेल तर पैसे वाचवायला हरकत नाही. वाटेतला असेल तर कंपनीचाच, तोही ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन सेट करणाऱ्या तज्ज्ञाला, विचारून. वाटेतल्या भागांत एक अपवाद आहे, तो पुढे येईल. वाटेबाहेरच्यांत चार्जर आणि टीव्हीचा डबा मात्र वेगळे.

सेल: कंपनी कोणतीही, नंबर तोच

सेल वाटेबाहेरचा. मशीनच्या कंपनीच्या नावाचेच सेल हवेत असं काही नाही. नंबर आणि स्टिकरचा रंग जगभर एकच आहे: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. रेयोव्हॅक, पॉवर वन, ड्युरासेल, यातला जो ताजा मिळेल तो घ्या. मागची तारीख मात्र वाचाच. स्वस्त म्हणून वर्षभराचा साठा करू नका.

फसगत होते ती नंबरात. ३१२ आणि १३ दोन्हींचा व्यास ७.९ मिलिमीटर, वरून बघितले तर जुळे वाटतात. फरक उंचीत आहे: ३१२ ची ३.६, १३ ची ५.४. १३ च्या जागी ३१२ टाकला तर तो आत खुळखुळतो. उलट केलं तर झाकण लागत नाही, आणि घरातलं कोणीतरी ते दाबून लावतं व बिजागरी तुटते.

दुसरा घोळ ६७५ चा. घड्याळाच्या दुकानात ६७५ मागितला की कधी कधी एलआर ४४ हातात पडतो. मापाने तो जवळपास तसाच, झाकणही लागतं, मशीनही चालू होते. पण तो अल्कलाइन सेल, त्याची साठवण कानाच्या मशीनच्या झिंक-एअर सेलच्या मानाने फारच कमी, त्यामुळे लगेच संपतो. पाठीवर बारीक छिद्रं आणि त्यावर स्टिकर असेल तरच तो कानाच्या मशीनचा सेल समजा.

हा सेल हवेवर चालतो. स्टिकर काढला की चार-पाच मिनिटं उघडा ठेवायचा, मग बसवायचा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवला तरी सेल झोपी जात नाही, वापरा न वापरा, तो उतरतच राहतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छिद्रांतून सेलमधला ओलावा उडतो, पावसाळ्यात उलट बाहेरचा ओलावा आत शिरतो. दोन्हींत सेलचे दिवस कमी होतात. म्हणून उन्हाळ्यात सेल लवकर संपला की लगेच ब्रँड बदलू नका. सेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, फ्रिजमध्ये तर नाहीच.

आणि घरात लहान मूल असेल तर वापरलेले सेल टेबलावर सोडू नका. पोराने गिळला असं नुसतं वाटलं तरी थेट दवाखाना गाठा, वाट बघू नका.

डोम: बाहेरून सारखे, आतून वेगळे

घरी आल्यावर दोन्ही डोम पांढऱ्या बशीत शेजारी ठेवले, कंपनीचा आणि तो पाकिटातला. दोन्ही ८ मिलिमीटर, दोन्ही करडे. उलटे केल्यावर फरक दिसला. कंपनीचा वायरच्या टोकावर टक करून बसतो, ओढून काढायला चिमटीत जोर लागतो. दुसऱ्याचं भोक किंचित मोठं, नखाने ढकललं तरी सुटतो. पाकिटावरचं ८ हे बाहेरचं माप आहे. आतलं माप कोणी छापत नाही, आणि डोम कानात राहील की हातात येईल हे ठरतं आतल्या मापावर.

म्हणून डोम कंपनीचाच, आणि त्याच घराण्याचा. ओटिकॉन, बर्नाफोन आणि फिलिप्सच्या रिसीव्हरवाल्या मशीनना (वायरच्या टोकाला स्पीकर असलेल्या) मिनीफिट नावाचे डोम बसतात. फोनाकमध्ये २०१८ च्या मार्व्हल मालिकेपासून रिसीव्हर बदलला, त्याचे डोम त्याआधीच्या फोनाक मशीनना होत नाहीत. नुसतं 'फोनाकचा डोम द्या' म्हटलं तर दुकानदार चुकीचा देऊ शकतो, त्याचाही दोष नसतो.

दुसरी गोष्ट प्रकाराची. उघडा डोम ज्यांचं फक्त बारीक, तीव्र आवाजांचं ऐकणं गेलं आहे त्यांच्यासाठी, बंद किंवा पॉवर डोम जास्त बहिरेपणासाठी. बंद डोम धरून सेट केलेल्या मशीनला उघडा लावला की शिट्टी वाजते आणि खालच्या पट्टीतला जाड आवाज बाहेर गळतो. उलट केलं तर स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. डोमचा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असतो, त्यामुळे तो घरी बदलायचा असला तर आधी फोन करून विचारा.

डोम कानात अडकला तर हेअरपिन, काडी, चिमटा काहीही घालू नका. तो आणखी आत जातो.

रिसीव्हर आणि फिल्टर

रिसीव्हर म्हणजे वायरच्या टोकाचा स्पीकर. इथे मी तडजोड करायला सांगणार नाही. डावा निळा, उजवा लाल. लांबीचा नंबर वेगळा, ताकद वेगळी. मशीनचं सेटिंग त्याच ताकदीवर बेतलेलं असतं. जास्त ताकदीचा लावला तर उरलेल्या ऐकण्यालाच धोका, कमी ताकदीचा लावला तर मोठ्याने बोललेलं फाटतं. वापरलेला रिसीव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि मालक एक म्हणून भाग एक होत नाहीत: सिग्निया आणि वायडेक्स २०१९ पासून एकाच छत्राखाली आहेत, तरी एकाचा रिसीव्हर दुसऱ्याला लागेल असं धरून चालू नका. तुमची मशीन सीमेन्स नावाची असेल तर भाग सिग्नियाकडे विचारा, तोच धंदा पुढे त्या नावाने चालला.

मळाचा फिल्टर छोटा म्हणून लोक हलक्यात घेतात. ढिला फिल्टर आत सरकला किंवा बाहेर पडला की मळ थेट रिसीव्हरमध्ये, म्हणजे फिल्टरवर वाचवलेले पैसे रिसीव्हरवर जातात. मी कंपनीचाच घेते. आवाज बसल्यासारखा वाटला तर सेलच्या आधी फिल्टर बदलून बघा, आमच्याकडे बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

जाड नळी, मोल्ड आणि खिशातली मशीन

तो अपवाद इथे. कानामागच्या मोठ्या मशीनची, मोल्डमधली (कानात बसणाऱ्या साच्यातली) जाड नळी आवाजाच्या वाटेतच असते, तरी ती कंपनीची हवी असं नाही, कारण १३ नंबरच्या नळीचं आतलं माप ठरलेलं आहे: १.९३ मिलिमीटर. पिवळी पडून कडक झाली की बदला. मशीन आणि नळी जोडणारा, कानावर अडकणारा हूक मात्र मशीनप्रमाणे लागतो. मोल्ड तर कानाचं माप घेऊनच होतो, तो तयार घेऊच नका.

एडिप योजनेच्या (अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या) शिबिरात मिळालेली खिशातली मशीन असेल तर पेन्सिल सेल कोणताही चालतो. वायर पिनजवळ वाकून तुटते. जुनी वायर सोबत न्या, पिना जुळवा, सीताबर्डीच्या बाजारात जुळणारी मिळू शकते. बटणासारखा रिसीव्हर मात्र मॉडेल बघून.

चार्जर, टीव्ही आणि डबी

चार्जर आवाजाच्या वाटेबाहेरचा, तरी चार्जिंगवाल्या मशीनला तो त्याच मॉडेलचा हवा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पिढीचाही बसेल याची खात्री नाही. आत लिथियमची बॅटरी आहे, 'चालून जाईल' म्हणून दुसऱ्यात ठेवू नका.

टीव्हीचा आवाज थेट कानात देणारा डबा बहुधा आपल्याच कंपनीच्या मशीनशी बोलतो. मशीनमध्ये टेलिकॉइल (चुंबकी लहरींतून आवाज घेणारी बारीक गुंडाळी) असेल तर त्या लहरी सोडणारी तार, म्हणजे लूप, कोणत्याही कंपनीचा चालतो. नवीन मशीन घेणार असाल तर ऑराकास्ट (ब्लूटूथवरून आवाज प्रसारित करायची पद्धत) आहे का विचारा, ते सगळ्यांसाठी समान आहे.

ओल शोषणारी डबी, सिलिका जेल, ब्रश यांवर भरपूर वाचवा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि रंग बदलणारं सिलिका जेल पुरे. निळे मणी गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरता येतात. आपल्या घरोघरी कूलर, आणि रात्री मशीन कूलरसमोरच्या टेबलावर काढून ठेवायची सवय. ती दमट हवा रात्रभर मशीनवर येते. डब्यात ठेवा. झिंक-एअर सेल आधी बाहेर काढा, कोरड्या डब्यात तो सुकतो.

खरेदी कुठे करायची? सेल, जेल, ब्रश ऑनलाइन घ्या. रिसीव्हर, डोम, फिल्टर रामदासपेठ किंवा धंतोलीत जिथे मशीन सेट झाली तिथे घ्या, थोडे जास्त लागले तरी. ऑडिओलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

बाबांच्या डब्याच्या झाकणात आता मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, म्हणजे मी घरी नसले तरी भाऊ दुकानात तिचा फोटो दाखवू शकतो: 'सेल ३१२ तपकिरी. डोम मिनीफिट बंद ८. रिसीव्हर ८५, लांबी २, उजवा लाल, डावा निळा. रात्री काढल्यावर डोम बोटाने चाचपून बघणे.'