हिंजवडीतील एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षे: एका कर्मचाऱ्याचा अभिप्राय

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीत मी फ्रेशर म्हणून लागलो आणि सात वर्षांनी राजीनामा देऊन बाहेर पडलो. नाव मुद्दाम देत नाही. पाचपैकी तीन तारे.

पहिल्या वर्षाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी मेकॅनिकलचा पदवीधर. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो ती कंपनीच्या प्रशिक्षणात, आणि तीही पगार घेऊन. पुढे गृहकर्जाच्या वेळी सॅलरी स्लिपवरील नाव पाहून बँकेनेही फारसे प्रश्न विचारले नाहीत. ऑफर लेटरमधील सीटीसी, म्हणजे कंपनीला आपल्यावर वर्षाला होणारा एकूण खर्च, मात्र बारकाईने वाचावा. त्यात मूळ पगाराच्या 12 टक्के इतका कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला होता, शिवाय ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्केही, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतरच मिळत असल्याने माझ्या बरोबरीचे जे तिसऱ्या वर्षी सोडून गेले, त्यांच्यासाठी तो आकडा कागदावरच राहिला.

कंपनी कशी आहे, असे मला अनेक जण विचारतात. विचारायला हवे ते प्रोजेक्ट कोणते मिळेल हे, आणि त्याचे उत्तर मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझी पहिली तीन वर्षे एका बँकिंग प्रणालीच्या कामात गेली. तिथली टीम लीड माझ्या कोडची ओळन्‌ओळ वाचून चुका दाखवीत असे, आणि आज मला जे येते त्यातील बरेचसे तिच्यामुळे येते. ते प्रोजेक्ट संपल्यावर मी अडीच महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून होतो. बेंचवरच्या माणसाचे बिल ग्राहकाला लावता येत नाही, त्यामुळे पगार चालू असूनही आपण कोणाच्या तरी डोळ्यांवर येत आहोत, ही भावना काही केल्या जात नाही. अखेर जावाची माहिती बाजूला ठेवून मला एका सपोर्ट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे चालू प्रणालीतील अडचणी सोडवण्याच्या कामात, टाकण्यात आले, कारण त्या आठवड्यात जागा तेवढीच रिकामी होती.

ग्राहक न्यूयॉर्कचा होता. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. कंपनीची बस त्याआधीच, संध्याकाळी सव्वासहाला सुटत असे. कॉल संपवून भूमकर चौकातल्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. (कँटीनमधील पोहे मात्र शेवटपर्यंत चांगले होते.)

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात सांगायचे तर बेल कर्व्ह. टीममधील कोणाला तरी खालची श्रेणी द्यावीच लागते, आणि एका वर्षी ती मला मिळाली. मॅनेजरने कारण सांगण्याऐवजी माझी क्षमा मागितली, हे मला अधिक लागले.

राजीनाम्यानंतरचा नोटीस पीरियड 90 दिवसांचा होता. मला हव्या असलेल्या दोन कंपन्यांना महिन्याभरात माणूस हवा होता, त्यामुळे त्या संधी हातच्या गेल्या. पैसे भरून मुदत कमी करून घेण्याची सवलत मॅनेजरच्या मर्जीवर होती आणि त्याने नकार दिला. रिलीव्हिंग लेटर मात्र शेवटच्या दिवशीच हातात पडले आणि ग्रॅच्युइटीही विनातक्रार खात्यात जमा झाली. तिसरा तारा त्याबद्दलचा आहे.